सराव कोणाचा, फळ कोणाचे?

किशोरवयीन मुलांना बास्केटबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने आपला वेळ सामने जिंकण्यासाठी वेचावा की खेळाडू घडवण्यासाठी, हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा वाटतो, आणि शाळांच्या बैठकांतून तो बहुधा त्याच पातळीवर निकालात काढला जातो. वस्तुतः कर्म कोणाचे, त्याचे फळ कोणाचे आणि दुसऱ्याच्या कर्मावर कोणाचा किती अधिकार, या भारतीय तत्त्वचिंतनातील जुन्या प्रश्नाचे ते आजचे रूप आहे. घाम मुलाने गाळायचा आणि त्या घामाचे मोल ढालीच्या रूपाने शाळेच्या कपाटात व कर्तबगारीच्या रूपाने प्रशिक्षकाच्या नावावर जमा व्हायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात न्यायाचा काही प्रश्न दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाही. मावळ तालुक्यात हा विचार करण्यास विशेष कारण आहे. कारण अभ्यास म्हणजे काय, याचा शास्त्रशुद्ध विचार करणारी कैवल्यधाम ही संस्था लोणावळ्यात १९२४ पासून उभी आहे, साधनेच्या मर्यादेचा विचार करणाऱ्या बौद्ध भिक्षूंचे वास्तव्य कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेण्यांत शतकानुशतके होते, आणि गावोगावच्या तालमींनी शरीर कमावण्याची एक स्वतंत्र रीत जपली आहे.

प्रथम परिस्थिती नीट पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात, आणि तालुका किंवा जिल्हा पातळीपासून विभाग व राज्य पातळीपर्यंत त्यांची उतरंड असते. या स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीने, म्हणजे हरलेला संघ लगेच बाहेर पडेल अशा रीतीने, खेळवल्या जातात. अशा स्पर्धेत १६ संघ उतरले तर पहिल्याच फेरीत ८ संघ घरी जातात, आणि अखेरीस एक सोडून बाकी प्रत्येक संघाचा शेवटचा सामना पराभवाचाच असतो. शाळा जूनच्या मध्यास सुरू होते, खालच्या पातळीवरील स्पर्धा साधारणतः पावसाळ्यात किंवा तो सरताना होतात, आणि ज्या लोणावळ्यात वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे उघड्यावरचे कोर्ट नेमके याच महिन्यांत शेवाळलेले व निसरडे असते. जेव्हा सराव सर्वांत कमी होऊ शकतो तेव्हाच निकाल मागितला जातो. म्हणून हाती असलेले थोडे दिवस कशावर खर्च करायचे, हा निर्णय येथे अधिकच निकराचा होतो.

सामना आणि सराव यांतून मुलाच्या पदरात काय पडते, याचा साधा हिशेब मांडता येतो. पूर्ण लांबीचा सामना १० मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. मैदानावर दोन्ही बाजूंचे मिळून १० खेळाडू असतात आणि चेंडू एकच असतो. वाटणी अगदी सारखी झाली, असे गृहीत धरले तरी पूर्ण वेळ खेळलेल्या मुलाच्या हाती चेंडू सरासरी ४ मिनिटे येतो, आणि बाकावर बसलेल्या राखीव मुलाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. याउलट दोन मुलांत एक चेंडू असेल तर तासाभराच्या सरावात प्रत्येकाच्या हाती तो अर्धा तास राहू शकतो. सामन्यातील मिनिटांत दडपण, निर्णय आणि प्रतिस्पर्ध्याची ओळख असते, जी सरावात पुरती निर्माण करता येत नाही, हे मान्यच आहे. तथापि ज्या हाताला चेंडूची ओळखच झालेली नाही, त्याला दडपणाखाली निर्णय घेण्याचा प्रसंग आला तरी त्यातून तो शिकत काही नाही, केवळ गोंधळतो.

ही निवड किती बारीक जागी येऊन ठेपते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रिंगजवळ पळत येऊन, दोन पावले टाकून, एका पायावर उडी घेत चेंडू बोर्डावर ठेवण्याच्या कृतीला लेअप म्हणतात. उजव्या हाताच्या लेअपसाठी डाव्या पायावर उडी घ्यावी लागते, तर डाव्या हाताच्या लेअपसाठी पावलांचा सगळा क्रम उलटतो आणि उडी उजव्या पायावर येते. उजव्या हाताने सफाईने खेळणारी बारा वर्षांची मुलगी डाव्या बाजूने रिंगकडे आली, तर सवयीने ती चेंडू उजव्या हातातच ठेवते. आज समोरच्या मुली बुटक्या असल्याने तिला दोन गुण मिळूनही जातात. तिने डावा हात वापरला तर पावले अडखळतील, चेंडू बोर्डाच्या कडेला लागून बाहेर जाईल आणि कदाचित सामनाही जाईल. पण चार वर्षांनी समोर उंच खेळाडू उभी राहील, तेव्हा आतल्या बाजूने आलेला तिचा उजवा हात सहज अडवला जाईल, आणि डावा हात तर शिकायचाच राहून गेलेला असेल. मैदानाबाहेरून ‘डाव्या हाताने घे’ असे ओरडणारा प्रशिक्षक त्या क्षणी दोन गुण सोडून देत असतो, आणि गप्प राहणारा प्रशिक्षक त्या मुलीची चार वर्षे सोडून देत असतो. झोन बचावाचेही असेच आहे. झोन म्हणजे एकेका प्रतिस्पर्ध्याला न धरता रिंगभोवतीचा ठरावीक भाग राखणे. लहान मुलांना लांबून रिंग गाठता येत नाही, त्यामुळे पाच जण रिंगखाली उभे केले की सामना बहुधा खिशात पडतो. मात्र समोरच्याला एकट्याने अडवण्याची, त्याच्या कमरेवर नजर ठेवून पाय सरकवण्याची विद्या त्या पाचांपैकी एकालाही येत नाही. जपानमध्ये १५ वर्षांखालील मुलांच्या बास्केटबॉलमध्ये झोनला मनाई आहे, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मिनी बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर बसवलेली असते, त्यामागचा विचार हाच आहे.

या विचाराविरुद्धचा पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडून घ्यावयाची विरोधी बाजू, दुबळी मुळीच नाही. स्पर्धेतील यशावर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि शेतावर किंवा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या घरातील मुलाच्या दृष्टीने हे लाभ चैनीचे नसून भाकरीचे आहेत. जिंकणाऱ्या संघालाच शाळा मैदान व चेंडू देते, जिंकणाऱ्या मुलालाच घरातून खेळायला परवानगी मिळते. तेव्हा फळाकडे पाहू नका, असा उपदेश पोट भरलेल्यांनीच करावा, असे कोणी म्हणाले तर त्याचे म्हणणे झिडकारून चालणार नाही. प्रश्न असा आहे की या वास्तवातून ‘म्हणून प्रशिक्षकाने जिंकण्यासाठीच शिकवावे’ हा निष्कर्ष खरोखर निघतो का.

येथे गीतेतील कर्मविचाराचा आधार घेता येतो, पण तो नेहमीपेक्षा वेगळ्या बाजूने. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, ही शिकवण खेळाच्या संदर्भात बहुधा खेळाडूला ऐकवली जाते. हरलेल्या मुलाची समजूत काढताना तिचा हमखास उपयोग होतो. पण तेथे ज्याला उपदेश आहे तो अर्जुन स्वतः लढणारा आहे, म्हणजे कर्म त्याचे आणि संभाव्य फळही त्याचेच. प्रशिक्षकाची स्थिती याहून निराळी आहे. सामन्यात धावतो मुलगा, निर्णय घेतो मुलगा, चुकतोही मुलगाच. म्हणजे सामना हे मुलाचे कर्म आहे. ज्या विजयाची आस प्रशिक्षक धरतो, तो दुसऱ्याच्या कर्माचे फळ असतो. मग प्रशिक्षकाचे स्वतःचे कर्म कोणते, असे विचारले तर उत्तर एकच संभवते, आणि ते म्हणजे सराव. सराव आखणे, चूक हेरणे, ती दुरुस्त होईपर्यंत न कंटाळता पुन्हा दाखवणे, आणि संघातील शेवटच्या मुलापर्यंत पोहोचणे, एवढेच त्याचे म्हणता येईल असे कार्य आहे. म्हणून सरावाच्या वेळेला प्राधान्य देणे हा प्रशिक्षकाच्या औदार्याचा भाग नसून स्वधर्माचा, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या कर्तव्याचा भाग आहे. आणि फलत्यागाचा उपदेश खेळात कोणाला सर्वांत आधी लागू होत असेल, तर तो मुलाला नव्हे, त्याच्या गुरूला होतो.

अभ्यास या संकल्पनेचा नेमका आशय पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. पतंजलीच्या योगसूत्रांत आणि गीतेच्या सहाव्या अध्यायातही चित्तनिरोधाचे साधन म्हणून अभ्यास आणि वैराग्य ही जोडी एकत्रच सांगितली आहे. अभ्यास म्हणजे स्थिरतेसाठी पुनःपुन्हा केलेला यत्न, आणि वैराग्य म्हणजे विषयांच्या ओढीवर मिळवलेला ताबा. ही दोन स्वतंत्र साधने नसून एकाच क्रियेची दोन अंगे आहेत. फळाची ओढ सुटल्याखेरीज यत्न टिकत नाही, आणि यत्नाखेरीज आलेले वैराग्य निव्वळ उदासीनता ठरते. गीतेच्या बाराव्या अध्यायातील क्रमवारीत तर कर्मफलत्याग अभ्यासाच्याही वर ठेवला आहे. अभ्यास पक्का होण्यासाठी पतंजलीने तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये, आणि तो आदरपूर्वक व्हावा.

लोणावळ्यात हा विचार ग्रंथांपुरता राहिला नाही. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) हे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी बडोद्यात प्रोफेसर माणिकराव यांच्याकडे देशी व्यायामाचे शिक्षण घेतले, अमळनेरात अध्यापन केले, परमहंस माधवदासजींकडून योगाची दीक्षा घेतली, आणि उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी शरीरात नेमके काय घडते, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासून त्याचे निष्कर्ष १९२४ पासून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. आखाड्यातून आलेल्या या शिक्षकाने शरीर मोजले, पण दोन शरीरांची चढाओढ लावण्यासाठी ते मोजले नाही. अभ्यासाने त्याच शरीरात काय पालट होतो, हे जाणण्यासाठी मोजले. खेळाडूच्या विकासाचे मापन कसे असावे, याचा नमुना येथे सापडतो. मुलाची तुलना शेजारच्या संघाशी नव्हे, तर तीन महिन्यांपूर्वीच्या त्याच मुलाशी व्हावी, आणि मोजमाप प्रशिक्षकाला मिरवण्यासाठी नव्हे, तर उद्याचा सराव आखण्यासाठी उपयोगी पडावे.

पतंजलीच्या तीन अटी मावळातील कोर्टावर उतरवल्या तर त्यांतून बरेच काही निष्पन्न होते. दीर्घकाळ म्हणजे १४ वर्षांखालील गटातल्या मुलाकडे पाहताना तो १९ वर्षांचा होईल तेव्हा कसा खेळेल, याचा विचार करणे. त्या हिशेबाने या वर्षीची स्पर्धा हा पाच वर्षांच्या वाटेवरचा एक टप्पा उरतो. नैरंतर्य म्हणजे पावसात कोर्ट बंद झाले तरी सराव बंद न पडणे: शाळेच्या व्हरांड्यात एका जागी उभे राहून दोन्ही हातांनी ड्रिबल करता येते, भिंतीवर छातीतून पास मारता येतो, चेंडूविना पिव्होटचे, म्हणजे एक पाय रोवून दुसऱ्याने वळण्याचे पदलाघव घोटता येते, आणि लेअपची उलटी पावले तर कोरड्या जिन्याखालीही पक्की होतात. तिसरी अट आदराची. तिचा अर्थ असा की सराव ही शिक्षा म्हणून वापरता कामा नये. हरल्याबद्दल मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावणारा प्रशिक्षक मुलाच्या मनात धावणे आणि अपमान यांची गाठ मारून ठेवतो, आणि मग ज्या अभ्यासावर सगळी भिस्त ठेवायची, त्याविषयीच मुलाच्या मनात तिटकारा निर्माण होतो.

सरावाला प्राधान्य म्हणजे सरावाचा अतिरेक नव्हे, हेही येथेच सांगणे अगत्याचे आहे. स्वात्मारामकृत हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ती स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केली व कैवल्यधामने ती १९७० मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींमध्ये अतिआहार व चंचलता यांच्या बरोबरीने प्रयास, म्हणजे शरीर पिळवटून टाकणारे श्रम, आणि नियमाग्रह, म्हणजे नियमाचा हट्ट, यांचीही गणना केली आहे. साधना बिघडवणाऱ्या गोष्टींत खुद्द श्रमाचा समावेश व्हावा, यात मोठे शहाणपण आहे. पाली साहित्यातील सोण नावाच्या भिक्षूची कथाही हेच सांगते. चालून चालून पाय रक्तबंबाळ केलेल्या त्या साधकाला बुद्धाने वीणेच्या तारांविषयी विचारले, आणि तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वाजत नाही, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले. वाढत्या वयातील गुडघे, टाचा आणि मन यांना या दोन्ही शिकवणी अक्षरशः लागू पडतात.

बास्केटबॉल या खेळाचा उगमही या दृष्टीने बोलका आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला, तेव्हा समोर प्रेक्षक नव्हते, ढाल नव्हती. कडाक्याच्या थंडीने घरात कोंडलेला, एकसुरी कवायतीला कंटाळलेला १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. नेस्मिथ धर्मशास्त्राचे पदवीधर होते, आणि चारित्र्य घडवण्याचे काम व्यासपीठाइतकेच क्रीडांगणावरही होऊ शकते, या श्रद्धेने ते शारीरिक शिक्षणाकडे वळले होते. पुढे कॅन्सस विद्यापीठात त्यांनी संघ सांभाळला आणि तेथे त्यांच्या नावावर ५५ विजय व ६० पराभव जमा झाले. याच खेळातील सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांपैकी जॉन वुडन यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाने १९६४ ते १९७५ या काळात १० राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. पण आपले खरे काम सरावातच संपते, अशी त्यांची धारणा होती, आणि ते सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा लिहून काढत असत. थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी वुडन यांच्या सरावाचे निरीक्षण करून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदवल्या, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश कृतींत काय करावे व कसे करावे याची नेमकी माहिती आढळली. स्तुती आणि खरडपट्टी यांचे प्रमाण प्रत्येकी ७ टक्क्यांच्या आसपास होते.

वुडन यांचे उदाहरण देऊन ‘पाहा, सरावाला महत्त्व दिले की विजय आपोआप मिळतात’ असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु तो टाळला पाहिजे. सरावाचे समर्थन विजयाच्या आधारे केले, तर सराव पुन्हा विजयाचा दास होतो आणि ज्या दिवशी विजय मिळणार नाही त्या दिवशी त्याचे समर्थनही कोसळते. नेस्मिथ यांचे ६० पराभव आणि वुडन यांची १० अजिंक्यपदे शेजारी ठेवून दोघांनाही उत्तम गुरू म्हणता आले, तरच सरावाचे मोल स्वतंत्रपणे पटले, असे म्हणता येईल.

हे स्वतंत्र मोल कशात आहे, याचे उत्तर अलास्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात केलेल्या एका भेदातून मिळते. कोणत्याही कलेतून किंवा खेळातून मिळणारे लाभ दोन प्रकारचे असतात. पैसा, पद आणि प्रसिद्धी हे बाह्य लाभ इतर मार्गांनीही मिळू शकतात, आणि एकाला मिळाले की दुसऱ्याला कमी पडतात. अंतर्गत लाभ मात्र तो खेळ खेळूनच मिळतात, आणि एकाला मिळाल्याने दुसऱ्याचे काही जात नाही. मॅकिन्टायर यांनी कल्पिलेले मूल खाऊच्या आमिषाने बुद्धिबळ खेळते तोवर, फसवून जिंकता आले तर त्याने का फसवू नये, याला कारण उरत नाही. खेळातील चातुर्याचा आनंद त्याला उमगला की मग फसवणूक स्वतःचीच होते. भारतातील किशोरांच्या क्रीडाक्षेत्रात वयचोरी, म्हणजे खोट्या जन्मतारखेने लहान गटात खेळणे, इतकी बोकाळली की तिला आळा घालण्यासाठी केंद्र शासनाला २०१० मध्ये राष्ट्रीय संहिता आणावी लागली. ज्या क्ष-किरणांनी कुवलयानंदांनी अभ्यासाने शरीरात होणारा पालट शोधला, त्याच क्ष-किरणांनी आज मुलाच्या मनगटाची हाडे पाहून त्याचे वय खरे की खोटे, हे ठरवावे लागते. केवळ बाह्य फळासाठी उभारलेल्या खेळाची परिणती कशात होते, याला याहून वेगळा पुरावा नको.

आता शेवटचा आक्षेप. खेळ हा जिंकण्यासाठीच खेळायचा असतो, आणि जिंकण्याची जिद्द न धरणारा खेळाडू समोरच्याचाही अपमान करतो, हे म्हणणे खरे आहे. पण सामन्याच्या ४० मिनिटांत सर्वस्व पणाला लावणे ही एक गोष्ट, आणि मुलाचे सबंध बालपण त्या ४० मिनिटांच्या निकालाभोवती आखणे ही दुसरी. तालमीला हा भेद पूर्वापार ठाऊक आहे. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो तेव्हा पैलवान जिंकण्यासाठीच उतरतो. पण तालमीच्या लाल मातीत रोज जोर करताना थोरला पैलवान धाकट्याला मुद्दाम पकड देतो, डाव बसेपर्यंत स्वतःला चितपट करून घेतो, आणि फडातही तोडीस तोड जोड लावण्यावर जाणत्यांचा कटाक्ष असतो, कारण बरोबरीच्या जोडीतच दोघांचे बळ वाढते. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे म्हणतात. ती म्हण किशोरांच्या शिक्षकाने मात्र विसरलेलीच बरी, कारण त्याला शिष्याशी कधीच लढायचे नसते.

क्रीडागुणांचा आणि नोकरीचा जो पूर्वपक्ष वर मांडला, त्याचेही उत्तर यातूनच मिळते. ते लाभ मुलाचे आहेत, म्हणून त्यांचा हिशेब मुलाच्या बाजूने मांडायला हवा. संघातील बारा मुलांपैकी पाचांना सतत खेळवून ढाल आणली, तर उरलेल्या सातांच्या वाट्याला ना भाकरी आली ना विद्या. आणि त्या पाचांनाही बारा-तेराव्या वर्षी मिळालेली ढाल पुढे उपयोगी पडत नाही, उपयोगी पडतो तो तोवर शिकलेला डावा हात. म्हणून किशोरांच्या प्रशिक्षकाचे मूल्यमापन ढालींवर न करता, १४ वर्षांखालील गटात त्याच्याकडे आलेल्या मुलांपैकी किती जण १९ व्या वर्षीही आवडीने खेळत आहेत आणि त्यांना पूर्वी न येणारे काय काय आता येते, यावर शाळांनी व क्रीडा खात्याने करावे. बाद पद्धतीऐवजी प्रत्येक संघाला अनेक सामने देणारी साखळी पद्धत निदान सर्वांत लहान गटात आणावी, आणि प्रत्येक मुलाला मैदानावर उतरवण्याचे बंधन असावे. हे होईपर्यंतही प्रशिक्षकाच्या हाती बरेच काही उरते, कारण उद्याच्या सरावाचा तास कोणासाठी आणि कशासाठी वापरायचा, हे ठरवायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तेवढा अधिकार निःसंशय त्याचा आहे, आणि मुलांच्या विकासाची जबाबदारीही तेथूनच सुरू होते.